फुफ्फुसातल्या एव्हीएमवर कॉइल आणि प्लग: उपचार उत्तम, पाठपुरावा कच्चा

फुफ्फुसातली एव्हीएम (आर्टेरिओव्हेनस मालफॉर्मेशन, म्हणजे धमनी आणि शीर यांचा चुकीचा थेट जोड) कॅथेटर या बारीक नळीने बंद करण्याचा उपचार, म्हणजे एम्बोलायझेशन, हा आज मिळणाऱ्या सगळ्यांत नेटक्या उपचारांपैकी एक आहे, हे आधीच सांगून टाकतो. छाती उघडायची नाही, मोठ्या माणसाला बहुधा पूर्ण भूल द्यायची नाही, जांघेत दोन-तीन मिलिमीटरचं छिद्र, आणि बहुतेक रुग्ण दुसऱ्या दिवशी घरी. आमची तक्रार उपचाराबद्दल नाहीच. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातल्या माणसापर्यंत तो ज्या रीतीने पोचतो, त्याबद्दल आहे. निदान उशिरा होतं आणि काम झाल्यावर करायचा सीटी बरेचजण करतच नाहीत. मधलं काम चांगलं होऊनही त्यामुळे फळ अर्धंच पदरात पडतं.

आधी आजार नीट समजून घेऊ. उजव्या हृदयातून निघालेलं रक्त फुफ्फुसाच्या धमनीतून येतं, केसाहून बारीक केशवाहिन्यांच्या जाळ्यातून जातं, तिथं ऑक्सिजन घेतं आणि शिरांतून डाव्या हृदयात परततं. एव्हीएममध्ये धमनी आणि शीर यांच्यामधलं हे जाळंच नसतं. त्याजागी पातळ भिंतीची फुगीर पिशवी असते आणि रक्त तिच्यातून थेट पलीकडे जातं. पाटाचं पाणी वाफ्यात न शिरता सरळ ओढ्याला लागावं, तसं. त्यामुळे ऑक्सिजन कमी पडतो, दम लागतो, ओठ-नखं निळसर होतात. हा झाला दिसणारा परिणाम. न दिसणारा परिणाम जास्त घातक आहे. पायातून सुटलेल्या बारीक गुठळ्या आणि हिरड्यांतून रक्तात शिरलेले जंतू एरवी फुफ्फुसातल्या केशवाहिन्यांत अडतात. इथं ते अडत नाहीत, थेट मेंदूत जातात. चाळिशीच्या आतल्या माणसाला अचानक लकवा मारतो किंवा मेंदूत पू धरतो, त्यामागे कधी कधी हेच कारण असतं. दम लागत नाही म्हणजे धोका नाही, हा समज म्हणूनच चुकीचा आहे.

अशा रुग्णांपैकी दहातल्या आठ-नऊ जणांना एचएचटी (हेरेडिटरी हेमोरेजिक टेलँजिएक्टेशिया) हा रक्तवाहिन्यांचा आनुवंशिक आजार असतो. आई किंवा वडील यांपैकी एकाला असला तर प्रत्येक अपत्याला तो येण्याची शक्यता निम्मी. त्याची सगळ्यांत ठळक खूण म्हणजे वारंवार घोळणा फुटणं. आपल्याकडे घोळणा फुटला की उष्णता झाली म्हणतात, डोक्यावर पाणी ओततात, कांदा हुंगवतात आणि विषय संपतो. वर्षानुवर्षं हे अंगावर काढलं जातं. पण घोळणा फुटतोय, ओठांवर, जिभेवर किंवा बोटांच्या टोकांवर दाबल्यावर फिके पडणारे लाल ठिपके आहेत, आणि आई-वडील किंवा भावंडांपैकी कुणाला तरी तेच आहे, एवढं जुळलं तर एचएचटीचं निदान पक्कं धरतात. कुरासाव निकष म्हणतात ते हेच: घोळणा, ठिपके, अंतर्गत अवयवातली एव्हीएम आणि कुटुंबातला इतिहास, या चारपैकी तीन.

आपल्या भागात निदान चुकण्याची ठरावीक वाट आहे. छातीच्या फोटोत खालच्या भागात गोल डाग दिसला की पहिला संशय टीबीचा. त्यात गैर काही नाही, थुंकी तपासलीच पाहिजे. निपाणीकडे दम लागण्याचं खापर तंबाखूच्या धुळीवर आणि विडीवर फुटतं, तेही बरेचदा खरं असतं. पण थुंकी निगेटिव्ह आहे, ताप नाही, वजन घटलेलं नाही, नखं फुगीर झालीत आणि डागातून हृदयाकडे जाणाऱ्या दोन जाड रेषा दिसताहेत, अशा वेळी टीबीच्या गोळ्या सुरू करण्याआधी एव्हीएमचा विचार व्हायला हवा. आणि अशा डागाला सुई घालून तुकडा तपासायला पाठवणं हे जीवावर बेतणारं आहे. आत धमनीच्या जोरात वाहणारं रक्त असतं.

घरच्या घरी करता येण्यासारखी एक साधी चाचणी आहे. कोविडनंतर बहुतेक घरांत बोटाला लावायचं ऑक्सिमीटर आलंय. पाच मिनिटं आडवं पडून आकडा पाहायचा, मग पाच मिनिटं उभं राहून पुन्हा पाहायचा. झोपल्यावर 94 आणि उभं राहिल्यावर 88, असं वारंवार होत असेल तर डॉक्टरांना ते सांगावं. एव्हीएम बहुतेक वेळा फुफ्फुसाच्या खालच्या भागात असतात, उभं राहिलं की रक्त तिकडे जास्त जातं आणि आकडा घसरतो. दमा किंवा हृदयाच्या आजारात सहसा उलटं होतं, आडवं पडल्यावर त्रास वाढतो. मात्र आकडा चांगला आला म्हणून एव्हीएम नाही असं धरू नये.

पक्कं निदान दोन पायऱ्यांत होतं. पहिली बबल इको. दहा मिलिलिटरच्या दोन सिरिंज, मध्ये तीन तोंडांची चावी, एकीत 8-9 मिलि सलाइन आणि जेमतेम 1 मिलि हवा. हे मिश्रण या सिरिंजमधून त्या सिरिंजमध्ये जोरात दहा-पंधरा वेळा ढकलतात, ते दुधाळ दिसू लागलं की लगेच हाताच्या शिरेतून देतात आणि इकोच्या पडद्यावर पाहतात. बुडबुडे डाव्या बाजूला पहिल्या दोन-तीन ठोक्यांतच दिसले तर वाट हृदयातल्या छिद्रातून आहे, त्यानंतर, आठेक ठोक्यांपर्यंत उशिराने दिसले तर फुफ्फुसातून. ही तपासणी स्वस्त आहे, किरणोत्सर्ग नाही, आणि कुठलीही विशेष यंत्रसामग्री लागत नाही. तरीही ती मुद्दाम मागावी लागते, कारण नुसत्या 'इको करा' अशा चिठ्ठीवर साधा इको होतो आणि रिपोर्ट नॉर्मल येतो. चिठ्ठीवर बबल किंवा कॉन्ट्रास्ट इको असं स्पष्ट लिहून घ्यावं.

दुसरी पायरी छातीचा सीटी, 1 ते 1.25 मिमीच्या पातळ कापांचा. निदानासाठी शिरेतून रंगाचं (कॉन्ट्रास्ट) औषध द्यावं लागतंच असं नाही, बिनऔषधाच्या पातळ सीटीतही एव्हीएम स्वच्छ दिसते. 5 मिमीच्या जाड कापांत लहान धमन्या निसटतात आणि माप चुकतं. रुग्णाने सीटी सेंटरमधून फिल्म नव्हे तर सीडी मागावी. पुढचं सगळं माप त्या सीडीवरून काढतात. फिल्म घेऊन मोठ्या दवाखान्यात गेलं तर सीटी पुन्हा करायला सांगतात, आणि त्यात त्यांची चूक नसते.

आता केंद्र निवडण्याबद्दल. बबल इको आणि पातळ सीटी बेळगावातच करून घेता येतात, त्यासाठी बाहेर जायची गरज नाही. मुख्य काम मात्र अनुभवी इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्टकडेच (चित्र पाहत कॅथेटरने उपचार करणाऱ्या तज्ज्ञाकडेच) करावं, मग त्यासाठी बेंगळुरू, पुणे किंवा मुंबई गाठावी लागली तरी. कॅथलॅब आहे म्हणजे हे काम होतं असं नव्हे. अँजिओप्लास्टी रोज करणाऱ्या कॅथलॅबमध्येही फुफ्फुसातली एव्हीएम क्वचितच येते. विचारायचे प्रश्न थोडे आहेत: फुफ्फुसाच्या एव्हीएम तुम्ही स्वतः किती बंद केल्यात, धमनीच्या मापाचे प्लग मागवून ठेवणार का, आणि वर्षभरानंतरचा सीटी कोण पाहणार. शेवटच्या प्रश्नाला ठाम उत्तर मिळालं नाही तर दुसरं मत घ्यावं.

एक गोंधळ इथं हमखास होतो. जुन्या टीबीमुळे खोकल्यातून रक्त पडणाऱ्या रुग्णांवर बेळगाव, मिरज, कोल्हापूर पट्ट्यात ब्रॉन्कियल (श्वासनलिकांना रक्त पुरवणाऱ्या) धमनीचं एम्बोलायझेशन होतं. नातेवाइकांना दोन्ही एकच वाटतं, कारण नाव एकच. ते काम मांडीच्या धमनीतून होतं आणि त्यात बारीक कण सोडतात. फुफ्फुसाच्या एव्हीएममध्ये कण कधीच वापरत नाहीत: वाट पलीकडे उघडी असल्याने ते थेट मेंदूत जातील. तिथं फक्त जागेवर अडकून राहणारी वस्तू चालते, कॉइल (तारेची गुंडाळी) किंवा प्लग (जाळीचं बूच).

प्रत्यक्ष कामाची पद्धत अशी. आदल्या दिवशी क्रिएटिनिन, हिमोग्लोबिन, प्लेटलेट, आयएनआर (रक्त गोठण्याची तपासणी) आणि ईसीजी. ईसीजी नुसती औपचारिकता म्हणून काढत नाहीत. आधीपासून लेफ्ट बंडल ब्रँच ब्लॉक (हृदयातल्या विद्युत संदेशाच्या डाव्या वाटेत अडथळा) असेल तर कॅथेटर उजव्या हृदयातून जाताना ठोके थांबू शकतात, म्हणून पेसमेकरची तयारी ठेवावी लागते. सहा तास उपाशी. जांघ बधिर करून, सोनोग्राफीखाली शीर टोचतात. धमनी नव्हे, शीर. म्हणून अँजिओप्लास्टीच्या मानाने नंतर रक्तस्राव कमी आणि उठणंही लवकर. 6 किंवा 7 फ्रेंचची (फ्रेंच हे नळीच्या जाडीचं माप) नळी बसवतात, गुठळी होऊ नये म्हणून हेपॅरिन देतात, आणि कॅथेटर उजव्या हृदयातून फुफ्फुसाच्या धमनीत नेतात. तिथला दाब आधी मोजतात. दाब फार वाढलेला असेल तर एव्हीएम बंद केल्याने तो आणखी चढण्याची भीती असते, म्हणून हा आकडा न घेता पुढे जाणारा माणूस घाई करतोय असं समजावं. रुग्ण जागा असतो ते बरंच, कारण चित्र घेताना श्वास रोखून धरायला सांगतात. चित्रासाठीचं रंगाचं औषध गेल्यावर छातीत ऊब वाटते, खोकल्याची उबळ येते, ते अपेक्षित असतं.

या कामात सगळ्यांत मोठी शिस्त हवेबाबत लागते. एरवी शिरेत गेलेला एखादा बुडबुडा फुफ्फुसात विरून जातो. इथं तो एव्हीएममधून डाव्या हृदयात आणि तिथून मेंदूत किंवा हृदयाच्या धमनीत जातो. म्हणून चांगला ऑपरेटर तार बाहेर काढताना कॅथेटरचं मागचं तोंड सलाइन भरलेल्या वाटीत बुडवून धरतो. तार हळू काढतो, जोरात ओढली तर मागे पोकळी होऊन हवा आत खेचली जाते. मग रक्त आपोआप मागे येईपर्यंत थांबतो आणि तेव्हाच सिरिंज जोडतो. हा अर्ध्या मिनिटाचा वेळ प्रत्येक वेळी द्यावाच लागतो. हवा गेलीच तर बहुधा उजव्या कोरोनरी धमनीत जाते, कारण उताण्या झोपलेल्या माणसात तिचं तोंड वरच्या बाजूला असतं. छातीत दुखतं, ठोके मंदावतात, ईसीजीवर हार्ट अटॅकसारखा बदल दिसतो. पूर्ण ऑक्सिजन आणि गरज पडल्यास ठोके वाढवणारं अ‍ॅट्रोपिन दिल्यावर बहुतेक वेळा काही मिनिटांत ओसरतं.

आता मुख्य वस्तूंबद्दल. जर्मन डॉक्टर पोर्स्टमान यांनी 1977 मध्ये कॅथेटरने फुफ्फुसातली एव्हीएम पहिल्यांदा बंद केली तेव्हा हाताने वळलेल्या कॉइल वापरल्या होत्या. आज दोन प्रकार चालतात. प्लॅटिनमच्या कॉइलवर बारीक धागे असतात, त्यांना रक्त चिकटून गुठळी धरते आणि धमनी बंद होते. ढकलून सोडायची कॉइल स्वस्त असते, पण एकदा बाहेर पडली की परत घेता येत नाही. एव्हीएमची वाट रुंद आणि प्रवाह जोराचा असेल तर ती पिशवीतून निसटून डाव्या हृदयात आणि पुढे शरीराच्या कुठल्याही धमनीत जाऊ शकते. म्हणून पहिली कॉइल तरी सुटी होण्याआधी परत ओढता येणारी, डिटॅचेबल असावी, असं आमचं ठाम मत आहे. त्यात पैसे वाचवू नयेत. तिच्या आधाराने मागच्या कॉइल साध्या चालतील. धमनीपेक्षा कॉइल सुमारे 20 टक्के मोठी घेतात. लहान घेतली तर वाहून जाते, फार मोठी घेतली तर लांबट पसरते, गुंडाळी होत नाही आणि मधून रक्त चालू राहतं. जवळ लहान फांदी असेल तर कॉइलचं पहिलं टोक त्या फांदीत अडकवून उरलेली मुख्य धमनीत गुंडाळतात. ही पद्धत जोराच्या प्रवाहात फार उपयोगी पडते.

दुसरा प्रकार प्लग. अँप्लॅट्झर व्हॅस्क्युलर प्लग म्हणजे निटिनॉल या आपोआप मूळ आकार घेणाऱ्या मिश्रधातूच्या तारेची जाळी, तारेच्या टोकाला स्क्रूने बसवलेली. जागेवर उघडायची, चित्र घ्यायचं, पटलं नाही तर परत आत ओढायची, पटलं की तार उलटी फिरवून सोडायची. यातला दुसऱ्या पिढीचा प्लग 3 ते 22 मिमीपर्यंतच्या मापात येतो. धमनीच्या मापाहून 30 ते 50 टक्के मोठा घेतात. 6 मिमीच्या धमनीत 8 मिमीचा बसतो. फायदा असा की मोठी धमनी एकाच वस्तूत बंद होते, जिथं कॉइल पाच-सहा लागल्या असत्या. अडचण अशी की त्याची जाळी उघडी असते, रक्त गोठायला वेळ लागतो, वर हेपॅरिन दिलेलं असतं. पाच-दहा मिनिटं थांबून पुन्हा चित्र घ्यावं लागतं. घाई केली तर 'बंद झाली नाही' म्हणून उगाच दुसरा प्लग खर्ची पडतो. शिवाय त्याची नळी ताठ असते, वळणावळणाच्या धमनीत पिशवीपर्यंत पोचत नाही. चौथ्या पिढीचा प्लग 4 ते 8 मिमीत येतो आणि साध्या तपासणीच्या कॅथेटरमधून जातो, त्यामुळे वळणांवर तो सोयीचा.

मायक्रोव्हॅस्क्युलर प्लगवर पीटीएफई या प्लास्टिकचं पातळ आवरण असतं, त्यामुळे धमनी जवळजवळ लगेच बंद होते. त्याची लहान मापं, म्हणजे 1.5 ते 3 आणि 3 ते 5 मिमीच्या धमन्यांसाठीची, मायक्रोकॅथेटरमधून जातात. लहान आणि खोलवरच्या एव्हीएमसाठी आम्हाला तो सगळ्यांत पसंत आहे. कोणतंही माप कपाटात असेलच असं धरू नये. सीटीवरून धमनी मोजून वस्तू आधी मागवल्या आहेत का, हे दाखल होण्यापूर्वी विचारावं.

पण वस्तू कोणती यापेक्षा ती कुठं बसली याला जास्त महत्त्व आहे. कॉइल किंवा प्लग पिशवीच्या अगदी जवळ, एक सेंटिमीटरच्या आत बसला पाहिजे. मागे, मोठ्या धमनीत बसवला तर दोन नुकसान होतात. निरोगी फुफ्फुसाला जाणाऱ्या फांद्या बंद होतात, आणि पुढच्या उरलेल्या भागात शेजारच्या बारीक वाहिन्यांतून रक्त शिरून एव्हीएम पुन्हा भरते. अशी वाट नंतर बंद करणं फार अवघड, कारण दारातच कॉइल बसलेली असते. बहुतेक एव्हीएमला एकाच भागातून धमनी येते, साधारण पाचात एकीला दोन-तीन भागांतून. त्या सगळ्या शोधून बंद केल्या नाहीत तर काम अर्धंच. कोणत्या मापाची एव्हीएम बंद करायची? पूर्वी येणारी धमनी 3 मिमी किंवा मोठी असेल तरच, असा नियम होता. आता 2 मिमीच्या पुढची, कॅथेटर पोचत असेल तर, बंद करण्याकडे कल आहे. लकवा आणि पू लहान एव्हीएममधूनही होतात. दोन्ही फुफ्फुसांत अनेक असतील तर एका बैठकीत सगळ्या होत नाहीत, कारण रंगाच्या औषधाला वजन आणि किडनी यांप्रमाणे मर्यादा असते. दुसरी बैठक काही आठवड्यांनी. यात फसवणूक नाही, पण बिलाचा अंदाज दोन्ही बैठकांचा मिळून आधी घ्यावा.

घरी गेल्यावर काय होतं, हे निघताना नीट सांगितलं जात नाही आणि इथं सेवेला आम्ही सगळ्यांत कमी गुण देऊ. दहातल्या एखाद्या रुग्णाला पहिल्या काही दिवसांत त्याच बाजूला श्वास घेताना कळ येते, थोडा ताप येतो. धमनी बंद झाल्याने फुफ्फुसाच्या आवरणाला सूज येते, त्याचं हे दुखणं. पॅरासिटामॉल किंवा सूज कमी करणारी गोळी, चार-पाच दिवस, एवढ्यावर ते जातं. पण आधी कल्पना नसलेला रुग्ण गावातल्या दवाखान्यात जातो, फोटोत डाग आणि थोडं पाणी दिसतं, न्यूमोनिया म्हणून इंजेक्शनं सुरू होतात, कधी पुन्हा टीबीचा घोळ. डिस्चार्जच्या कागदावर 'प्लुरिसी अपेक्षित' असं लिहून घेतलं आणि गावच्या डॉक्टरांना तो कागद दाखवला, तर हे टळतं. मात्र हात-पाय लुळे पडणं, बोलणं अडखळणं, खोकल्यातून रक्त, किंवा दम एकदम वाढणं, यात थांबायचं नाही, जवळच्या मोठ्या दवाखान्यात थेट. आठवडाभर ओझं उचलू नये. ऊसतोड, पोती, दुधाचे कॅन सगळं बंद. बेंगळुरूहून रात्रीच्या राणी चन्नम्मा एक्सप्रेसने परतायचं तर खालचा बर्थ घ्यावा, वर चढण्याने जांघेवर ताण येतो.

आणि आता तो सीटी. पहिला सहा ते बारा महिन्यांनी, नंतर तीन ते पाच वर्षांनी, आयुष्यभर. पहिल्या सीटीत पिशवी आकसली का, हे पाहतात. तिचा व्यास सुमारे 70 टक्क्यांनी कमी झाला तर काम फत्ते मानतात. आकसली नसेल तर बहुधा कॉइलमधूनच वाट पुन्हा उघडलेली असते, कधी सुटून गेलेली दुसरी धमनी असते. प्रमाण कमी-जास्त सांगितलं जातं, पण दहातल्या एक-दोघांत हे घडतं इतकं ते नक्की नेहमीचं आहे. ते पुन्हा बंद करता येतं. रुग्णाला मात्र काहीच जाणवत नाही, दम गेलेला असतो, आकडा 96 आलेला असतो, म्हणून सीटी राहून जातो आणि मेंदूचा धोका तसाच उरतो. बबल इकोने हे भागत नाही: उपचार उत्तम झाला तरी बारीक, न दिसणाऱ्या वाटांमुळे ती बहुतेकांत पॉझिटिव्हच राहते. पहिला सीटी बेळगावात करून सीडी मूळ केंद्राकडे पाठवता येते, पुन्हा पाचशे किलोमीटर जायची गरज नसते. केंद्रांनी हे आपणहून सांगायला हवं. बहुतेक ठिकाणी कागदावर नुसतं 'फॉलोअप' एवढंच लिहिलेलं असतं.

आयुष्यभराची पथ्यं थोडी पण पक्की. दात काढणं, हिरड्यांची सफाई यांआधी एक तास अ‍ॅमॉक्सिसिलिन 2 ग्रॅम. पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी असेल तर दंतवैद्याला आधी सांगून दुसरं औषध. रोज दात स्वच्छ ठेवणं हे इथं खरंच मेंदू वाचवणारं काम आहे. सलाइन लावताना नळीत एकही बुडबुडा नको. शक्य तिथं हवा अडवणारा फिल्टर लावावा, रक्त चढवताना मात्र तो चालत नाही, तिथं नळी काळजीपूर्वक भरावी. तारकर्ली किंवा गोव्याला जाऊन स्कूबा डायव्हिंग करू नये, दाबाखालच्या हवेचे बुडबुडे रक्तातून थेट मेंदूत जातात. समुद्रात साधं पोहायला हरकत नाही. घोळण्यामुळे लोह कमी असेल तर ते भरून काढावं, कारण लोह कमी असताना लकव्याचा धोका वाढतो. ऑक्सिजन कमी असलेल्या माणसाचं हिमोग्लोबिन शरीर मुद्दाम वाढवतं. अशा रुग्णात 13 हा आकडा चांगला वाटला तरी तो खरं तर कमीच असू शकतो, आणि वाढलेलं रक्त काढून टाकणं तर सहसा चूकच.

पैसे आणि कागद. बिलाचा मोठा हिस्सा कॉइल आणि प्लगचा असतो, म्हणून कोटेशनमध्ये वस्तूंची संख्या आणि माप लिहून घ्यावं. वापरलेल्या प्रत्येक वस्तूचं स्टिकर फाइलमध्ये लावतात, त्याची प्रत आपल्याकडे असावी. पुढे एमआरआयच्या वेळी तेच मागतात. कर्नाटकच्या आयुष्मान भारत आरोग्य कर्नाटक योजनेत बीपीएल कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत, तर एपीएलला पॅकेज दराच्या 30 टक्के, वर्षाला दीड लाखांपर्यंत मदत मिळते. खासगी दवाखान्यासाठी सरकारी दवाखान्याची चिठ्ठी लागते. महाराष्ट्र शासनाने 2023 मध्ये महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना सीमाभागातील 865 गावांना लागू करण्याचा निर्णय घेतला. दोन्हीकडे आरोग्यमित्राला (योजनेच्या दवाखान्यातल्या मदतनिसाला) भेटून या कामाचं पॅकेज बसतं का, हे दाखल होण्याआधीच लेखी विचारावं. नंतर विचारून उपयोग होत नाही. संमतिपत्र कन्नड किंवा इंग्रजीत असेल आणि घरच्या वडीलधाऱ्यांना ते वाचता येत नसेल, तर मराठीत वाचून दाखवा असं सांगण्यात संकोच नको. बेळगावात मराठी बोलणारे डॉक्टर आणि सिस्टर सहज भेटतात, बेंगळुरूला जाताना मात्र कन्नड किंवा इंग्रजी येणारा एकजण बरोबर न्यावा.

गरोदरपणाचं वेगळं सांगावं लागतं. त्या काळात रक्ताचं प्रमाण वाढतं, एव्हीएम मोठी होते, फुटून छातीत रक्तस्राव होऊ शकतो. एचएचटी असलेल्या घरातल्या मुलींची तपासणी लग्नाआधी किंवा निदान दिवस जाण्याआधी व्हावी. दिवस गेल्यावर कळलं तर अनुभवी केंद्रात दुसऱ्या तिमाहीत एम्बोलायझेशन करता येतं, पोटावर किरण पडणार नाहीत अशा बेताने. 'बाळंतपण होऊ दे, मग बघू' हा सल्ला इथं ऐकू नये. गरोदर बाईच्या खोकल्यातून रक्त आलं किंवा छातीत एकदम कळ येऊन दम लागला तर ती तातडीची वेळ.

लहान मुलांत घाई नसते. आई-वडिलांपैकी एकाला एचएचटी असेल तर मुलाचा ऑक्सिजनचा आकडा दरवर्षी उभं करून पाहावा आणि बबल इको करावी. आकडा चांगला असेल, त्रास नसेल आणि एव्हीएम लहान असेल तर वाट पाहतात. धमनी मोठी असेल, ओठ निळे पडत असतील किंवा आकडा उतरत असेल तर मुलांतही बंद करतात, त्यांना मात्र पूर्ण भूल द्यावी लागते. पहिली तपासणी निगेटिव्ह आली तरी पाच वर्षांनी पुन्हा, कारण एव्हीएम वयात येताना वाढतात.